फोटोत गूढता आणायला धुकं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की धुक्यातले घाट, जुन्या वाड्यांमधले काळोखे बोळ असे बरेच फोटो काढलेत. लोक ‘छान’ म्हणतात आणि पुढे सरकतात. मग फोटोत गूढता आणायची कशी, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते धूसरपणाचा आणि गूढतेचा फारसा संबंध नाही. काही दिसतच नसेल, तर बघणाऱ्याला प्रश्न तरी कशाबद्दल पडणार? जवळपास सगळं लख्ख दिसतंय आणि तरी एक गोष्ट उलगडत नाही, अशा फोटोपाशी माणूस रेंगाळतो.

याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीचं आहे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, लुई दागेरने १८३८ साली पॅरिसमध्ये खिडकीतून ‘बुलेव्हार द्यू तांप्ल’ या रस्त्याचा फोटो घेतला. फिल्मवर नव्हे, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. नेटवर सहज सापडेल, मोठा करून बघाच. छपरांवरची धुराडी, खिडक्या, झाडांची रांग, सगळं बारीकसारीक तपशिलांसकट टिपलंय. दिवसाचा स्वच्छ उजेड आहे. आणि एवढ्या रुंद रस्त्यावर चिटपाखरू नाही! फक्त डावीकडे खाली, फुटपाथच्या कडेला, एक माणूस एक पाय वर ठेवून उभा आहे आणि त्याच्या पायाशी कुणीतरी आहे. बूट पॉलिश चाललंय. (डॅगेरोटाइपमध्ये, म्हणजे दागेरच्या या पत्र्यावरच्या पद्धतीत, चित्र आरशासारखं उलटं उमटतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो उजवीकडे असणार.)

रस्ता रिकामा नव्हताच. तारायंत्रवाल्या सॅम्युएल मोर्सने मार्च १८३९ मध्ये दागेरकडे हे चित्र पाहिलं आणि घरी पत्रात त्याचं वर्णन केलं: एरवी हा रस्ता गाड्यांनी, पादचाऱ्यांनी गजबजलेला असतो, पण इथे बूट पुसून घेणारा एकटाच उरलाय. एक्सपोजर, म्हणजे पत्र्यावर प्रकाश पडू देण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं. जे हललं ते उमटलं नाही. त्या माणसाचे पाय स्थिर होते म्हणून तो राहिला. माणूस दिसणारा सगळ्यात जुना फोटो म्हणून हाच ओळखला जातो, आणि ते दोघे कोण होते हे कुणालाही माहीत नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कारण कळल्यावरही ओढ कमी होत नाही, उलट वाढते. त्या काही मिनिटांत तिथून कितीतरी माणसं गेली, ती सगळी या फोटोत आहेत आणि दिसत मात्र नाहीत. दागेरने काहीही मुद्दाम लपवलं नव्हतं. काय टिकलं आणि काय गळलं, ते फक्त वेळेने ठरवलं.

हे तुम्हालाही करून बघता येईल. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ (लेन्सचं छिद्र बरंच लहान) वर शटर साधारण १/१२५ सेकंद उघडं राहतं. १० स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळसर काच, दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारी) लावलात की तेच सुमारे ८ सेकंद होतं. त्यावर ६ स्टॉपचा आणखी एक चढवलात तर पावणेनऊ मिनिटांच्या आसपास. ट्रायपॉड मात्र भक्कम हवा. भर बाजारात लावून बघा. चालणारे नाहीसे होतील, भाजीवाल्या मावशी बसल्या जागी बऱ्यापैकी उमटतील.

फिल्टर नसेल तर उलटी वाट आहे, क्षण अर्ध्यावर तोडायची. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँच्या १९३२ सालच्या, पॅरिसमधल्या सां-लाझार स्टेशनमागच्या फोटोत साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाची टाच अजून पाण्याला टेकलेली नाही. मागच्या पोस्टरवर एक नर्तकी तशीच उडी घेतेय, उलट्या दिशेला. त्या माणसाचा चेहरा कळत नाही, घाई कसली तेही नाही.

वाड्यांचे फोटो तर सोडूच नका, फक्त काळोखाऐवजी भर दुपारी जा. दाराची चौकट, कडी, उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला, सगळं शार्प येऊ द्या. एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, बाहेरच्या उन्हावर धरा, म्हणजे दाराच्या आतलं आपोआप काळं राहील. फोनवर काढत असाल तर एचडीआर (उजेड-अंधार दोन्ही सावरून घेणारी सोय) बंद करा, नाहीतर फोन स्वतःच आतली खोली उजळून दाखवतो. आणि एडिटिंग करताना शॅडोच्या (काळोखे भाग उजळणाऱ्या) स्लायडरला अजिबात हात लावू नका.