पिनबॉल मशीनला एलईडी कूल व्हाईट लावावेत की वॉर्म व्हाईट? पूर्ण मशीनचं तयार किट घेतलं तर चालेल का?

वॉर्म. आणि किट नको. एवढ्यावर थांबलो असतो, पण तसलंच एक किट आमच्या घरात आलं होतं आणि त्यावरून अजून वाद आहे.

मशीन माझं आणि थोरल्या भावाचं, अर्ध्या-अर्ध्या पैशांत घेतलेलं. विल्यम्स कंपनीचं 1990 चं 'फनहाउस', जत्रेच्या थीमचं. दादाचं म्हणणं, उजेड जितका जास्त तितका खेळ भारी दिसतो. रात्रभर बसून आम्ही एकूण एक बल्ब काढला आणि किटमधले कूल व्हाईट, म्हणजे निळसर पांढरे, भरले. पहाटे स्विच टाकला आणि जत्रेचं ऑपरेशन थिएटर झालं. लाल इन्सर्ट (खेळाच्या फळीत बसवलेल्या, खालून दिवा लागणाऱ्या रंगीत चकत्या) गुलाबट, नारिंगी विटके, आणि रुडीचं, म्हणजे मशीनमधल्या बोलक्या बाहुल्याचं, तोंड महिनाभर अंथरुणाला खिळल्यागत पांढरंफटक.

त्याहून वाईट मधलं इन्सर्टच्या दिव्यांचं घड्याळ. बारा वाजले की रुडी घोरायला लागतो आणि मल्टिबॉलसाठी (एकाच वेळी अनेक चेंडूंचा खेळ) त्याच्या उघड्या तोंडात चेंडू घालायचा, म्हणजे किती वाजले ते दिसायलाच हवं. आमच्याकडे एक दिवा लखलखीत आणि शेजारचे दोन मिणमिणते. दादा म्हणाला, दिवे चालवणारा ड्रायव्हर बोर्ड गेला. पाने घेऊन बोर्ड उतरवायला निघालाही! मी डब्यातला जुना 555 नंबरचा साधा बल्ब काढून मिणमिणत्या सॉकेटात खोचला. अंधार. एलईडी परत लावला, पुन्हा मिणमिण. तीनदा करून दाखवलं. त्यावर त्याचं उत्तर, "सॉकेट सैल असेल."

सॉकेट ठणठणीत होतं. इन्सर्टचे दिवे ज्या जाळीत जोडलेले असतात त्या लॅम्प मॅट्रिक्समध्ये आठ रकाने, आठ ओळी, म्हणजे 64 दिवे, आणि एका क्षणी एकच रकाना चालू असतो. रकाना बदलताना किंचित वीज भलत्या दिव्यात शिरते. साध्या बल्बची तार तेवढ्यात तापत नाही, एलईडीला मात्र तेवढी पुरते. याला घोस्टिंग म्हणतात. इन्सर्टसाठी 'नॉन-घोस्टिंग' एलईडीच घ्या, आत रेझिस्टर असतो तो ही गळती खातो. रंग इन्सर्टचाच: लालखाली लाल, हिरव्याखाली हिरवा, पिवळ्याखाली वॉर्म. जीआयला (जनरल इल्युमिनेशन, म्हणजे मशीनभरचा सर्वसाधारण उजेड) सगळीकडे वॉर्म, आणि आत ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) असलेले, नाहीतर एसी विजेवर फडफडतात. फ्लॅशरचे (लखकन चमकणारे मोठे दिवे) 89 आणि 906 नंबरचे बल्ब 13 व्होल्टचे, त्यांच्या जागी 6.3 व्होल्टचे खोचू नका.

एलईडीच नको असं माझं म्हणणं नाही, दादा सगळ्यांना तसं सांगत फिरतो म्हणून लिहितोय. 44 नंबरचा एकेक साधा बल्ब पाव अँपिअर ओढतो. जीआयचे कनेक्टर तपकिरी होऊन जळतात आणि बॅकग्लासचा (मागची रंगवलेली काच) रंग पोपडे धरतो तो त्याच उष्णतेने. पण उजेड वाढवणं आणि मशीन चांगलं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या जीआयमध्ये आता वॉर्म आहेत. दादाला विचाराल तर म्हणेल, "मीच सुचवलं होतं."

हो, एक राहिलं. 1980 च्या आसपासचं बॅली किंवा स्टर्न कंपनीचं मशीन असेल तर तिथे इन्सर्टचे दिवे एससीआरवर (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालतात. एलईडी इतकी कमी वीज घेतो की एससीआर धड चालू राहत नाही आणि दिवे लुकलुकतात, वेगळा रेझिस्टर जोडावा लागतो. तुम्ही मशीन कुठलं ते लिहिलंच नाहीत.