डिफेम की डिसक्रेडिट?

अरे तू ‘साक्षीदाराला डिफेम केलं’ असं लिहिलंयस ना, तिथे डिसक्रेडिट हवं. डिफेम म्हणजे खोटंनाटं बोलून बदनाम करणं; डिसक्रेडिट म्हणजे विश्वासार्हता घालवणं, आणि ते खरं बोलूनही होतं, वकिलाने साक्षीतली विसंगती दाखवली की साक्षीदार डिसक्रेडिट झाला, त्यात बदनामी कुठे आली? शिवाय हा शब्द माणसालाच नाही तर पुराव्याला, थिअरीलाही चालतो. डिफेम मात्र माणसाला नाहीतर संस्थेला, थिअरी डिफेम होत नाही. त्यातही लेखी बदनामी असेल तर लायबल आणि तोंडी असेल तर स्लँडर, पण हे कायद्याचे शब्द आहेत, गप्पांमध्ये उगाच नको वापरूस.

असेच आणखी काही इंग्रजी शब्द आहेत. मलाइन म्हणजे वाईट हेतूने वाट्टेल ते बोलणं (स्पेलिंगमधला जी उच्चारायचा नाही, मी कितीतरी वर्षं मॅलिग्न म्हणायचो 😅). टार्निश मूळचा धातूची चकाकी जाण्याचा शब्द, म्हणून तो बहुतेक इमेज किंवा रेप्युटेशनबरोबर येतो. आणि डेनिग्रेट तर लॅटिनमधल्या ‘काळं करणं’वरून आलाय, म्हणजे आपलं काळं फासणंच की!

गोंधळ झाला तर सरळ ‘बदनाम केलं’ लिही, मराठी वाक्यात तेच जास्त झोंबतं.