गोव्यातील आदिवासी मुलामुलींसाठी त्यांच्या संस्कृतीला धरून आरोग्याचा कार्यक्रम कसा आखावा?

सांगे तालुक्यातील गावडा आणि वेळीप समाजाच्या मुलामुलींसाठी आरोग्याचा कार्यक्रम आखायचा आहे, तो त्यांच्या संस्कृतीला धरून असावा असे आपल्या संस्थेचे म्हणणे आहे आणि त्यासाठी नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. मी शेजारच्या केपे तालुक्यात किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्याचे काम करते, त्या अनुभवावरून लिहिते.

उद्घाटनाला कुणबी साडी नेसलेल्या मुलींची फुगडी ठेवायची आणि नंतर नेहमीचेच व्याख्यान द्यायचे, हा प्रकार कृपया टाळावा. कार्यक्रम कुठे आणि कधी घ्यायचा, कोणी बोलायचे, कोणता विषय सर्वांसमक्ष काढायचा आणि कोणता नाही, हे वाड्यावरची माणसे ठरवतील तेव्हाच तो त्यांचा होईल. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी तेथील आदिवासी समूहांतील तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास करून १९९८ साली निष्कर्ष मांडले. ज्या समूहांनी स्वशासन, जमिनीचे हक्क, शाळा आणि आरोग्यसेवा आपल्या हाती घेण्यासाठी प्रयत्न केले होते, त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी कमी आढळले. आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे, हे मान्य. तरीही गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ साली मिळाला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे अनेक दावे वर्षानुवर्षे रेंगाळले, हे ध्यानात ठेवूनच या मुलांशी भविष्याबद्दल बोलावे. घरच्यांच्या कुमेरी शेतीचे, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीचे, काय होणार या चिंतेत असलेल्या मुलाला केवळ श्वसनाचे व्यायाम शिकवून भागणार नाही.

मांड म्हणजे वाड्यावरची विधी-उत्सवांची राखीव जागा. तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण बाहेरून आलेली माणसे नेमकी येथे घाई करतात. पौषात रात्री मांडावर धालो, म्हणजे बायकांची गाणी आणि नाच, होतात. बायका समोरासमोर दोन रांगा करून, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफून, गात गात पुढे झुकतात आणि मागे सरतात, आणि वयात येणाऱ्या मुली आपल्या आई-आजीच्या खांद्याला खांदा लावून त्यात उभ्या राहतात. एवढ्या मुली आणि एवढ्या जाणत्या बायका एकत्र असलेल्या पाहून तेथेच मासिक पाळीवर सत्र घ्यावे, असा मोह होतो. तसे मुळीच करू नये, कारण मांड पवित्र असतो. धालो संपल्यावर काही दिवसांनी त्याच जाणत्या बायकांकडे जावे, कुणाच्या तरी अंगणात बसावे आणि मुलींशी काय व कसे बोलावे, हे त्यांनाच विचारावे. बोलणे अर्थातच कोकणीतून व्हावे.

आहाराच्या बाबतीत वाड्यावरचे ज्ञान मोठे आहे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. उकड्या तांदळाची पेज, पावसाळ्यातला तायकिळो (टाकळा) आणि आकूर यांसारख्या रानभाज्या हे घरचे अन्न आहे आणि शाळेत जाऊ लागल्यावर त्याची लाज वाटणाऱ्या मुलांना त्याचा मान परत मिळवून देणे, हेही आरोग्याचेच काम आहे. मात्र रक्तक्षय झालेल्या मुलीला नाचणीवर सोडू नये. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी तिने जेवणानंतर घ्यावी आणि त्याच्या आगेमागे चहा पिऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. गोळीने शौचाला काळे होते, हे आधीच सांगावे. न सांगितल्यास मुली घाबरतात आणि गोळी गुपचूप फेकून देतात.

मनाच्या आरोग्यासाठी गावातलाच माणूस तयार करावा. गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना साहाय्य केल्याचा ‘संगाथ’ संस्थेचा प्रयोग जगभर अभ्यासला जातो. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही १० ते १९ वयोगटासाठी समवयस्क शिक्षकांची सोय आहे. हे तरुण निवडताना मुख्याध्यापकांच्या यादीतील हुशार मुलांवर थांबू नये. ज्याच्याजवळ बाकीची मुले मन मोकळे करतात, तो कोण, हे वाड्यावर विचारावे. कधीकधी तो दहावीत नापास झालेला असतो.

गावठी औषध देणाऱ्यांना शत्रू मानू नये, पण मर्यादा त्यांच्याशी आधीच स्पष्ट बोलून ठेवाव्यात: सर्पदंश, फिट येणे, न उतरणारा ताप आणि जीव देण्याची भाषा, यांत रुग्णालयात नेण्यास क्षणाचाही विलंब नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मुलांना पाठ असू द्यावा, परंतु आपल्या तालुक्यातल्या नेटुर्लीच्या बाजूला फोनला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून पणजीजवळच्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचे गाडीभाडे आणि सोबत जाणाऱ्या ओळखीच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे दोन्ही खर्च आपल्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी घालावेत.