‘बी’ दाबून फॉन्ट बोल्ड होत नाही

पानभर मजकूर जाड फॉन्टमध्ये छापला आणि अक्षरं भरून आली, ही तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम पुन्हा ठसठसली. पडद्यावर झकास दिसणारा जाड, गोलसर फॉन्ट, आणि छापून आल्यावर स्मॉल ‘ए’, ‘ई’ची पोटं शाईने भरलेली. माझंही अगदी हेच झालं होतं.

फॉन्टची निवड, परवाना वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. मला एवढंच सांगा, त्या फॉन्टची खरी बोल्ड फाइल, म्हणजे जाड अक्षरांची वेगळी फाइल, टाकली होती का? की रेग्युलरवरच, म्हणजे साध्या अक्षरांवरच, बोल्डचं ‘बी’ बटण दाबलंत? मी दाबलं होतं. ४० पानी पुस्तिकेचे मथळे कसेबसे निभावले, पण आकृत्यांखालच्या ८ पॉइंटच्या ओळी म्हणजे नुसती काळी माळ.

खरा बोल्ड नव्याने काढलेला असतो. अक्षर जाड होतं तसं रुंदही होतं, आडवी रेघ उभीपेक्षा जरा बारीक ठेवतात, स्मॉल ‘एन’ची कमान दांड्याला मिळते तिथे मुद्दाम मांस कमी करतात. फ्युचरा नावाच्या फॉन्टच्या कॅपिटल ‘ए’चं सुईसारखं टोक बोल्डमध्ये चक्क बोथट केलंय. ‘बी’ला यातलं काही कळत नाही, ते कडेने सगळीकडे सारखाच लेप चढवतं, आतली पोकळी खातं.

छापखान्याचं उत्तर: “फाइल आली तशी छापली.” प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागितलं तर पीडीएफ धाडली. अहो, पीडीएफ तर मीच दिली होती! कागदावरचं प्रूफ हवं, हे मी लिहून दिलं नव्हतं, तीही चूक माझीच. सगळा गठ्ठा रद्दीत गेला आणि दुसऱ्या छपाईचे पैसे माझ्या खिशातून.

आता माझं मत, पटलं तर घ्या. मी छपाईतला माणूस नाही, हात पोळलेला आहे. जॉमेट्रिक बोल्ड, म्हणजे वर्तुळ नि सरळ रेघांवर बेतलेली जाड अक्षरं, चार-सहा शब्दांसाठी, मोठ्या आकारात. पाउल रेनरने १९२७मध्ये आणलेल्या फ्युचराचा स्मॉल ‘ए’ म्हणजे वर्तुळाला टेकवलेली काठी. लहान आकारात तो ‘ओ’ वाटतो. कॅपिटल ‘आय’ नि स्मॉल ‘एल’ तर जुळी भावंडं, त्यामुळे पासवर्ड, सीरियल नंबर त्यात छापूच नका. अपोलो ११ची चंद्रावरची पाटी फ्युचरात आहे म्हणून लोक दाखला देतात, पण तिच्यावर मोजक्या ओळी आहेत, त्याही सगळ्या कॅपिटलमध्ये. तुमच्यासारखा पानभर मजकूर नाही.

काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर आणखी जपा, शाई आत पसरते. अक्षरांत किंचित अंतर वाढवा. देवनागरीही लागणार असेल तर पॉपिन्स बघा. मोफत आहे, नऊ वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, देवनागरी त्यातच आहे.

आणि आजच ती पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमधली फॉन्टची यादी बघा. तिथे नुसतं रेग्युलर दिसलं, तर ‘बी’च दाबलं गेलंय, छापखान्याशी भांडण्यात वेळ घालवू नका.