चाल कशी बांधली, ते विचारा

वाचकांचे प्रश्न : संगीत

या वेळच्या टपालात दोन तऱ्हेची पत्रं आहेत. काहींना संगीतकारांशी जाहीर बोलायचं आहे, तर काहींना स्वतःच संगीतकार व्हायचं आहे. दोघांचे प्रश्न बरेचदा एकाच जागी येऊन भेटतात, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

आमच्या गावच्या मराठी साहित्य संमेलनात यंदा एका संगीतकाराची प्रकट मुलाखत आहे. वेळ सव्वा तास. मुलाखत मी घेणार आहे, पण मला गाता-वाजवता येत नाही. तयारी कशी करू? – एक वाचक, कडोली

गाता येत नाही याची चिंता करू नका, पण ऐकण्याची तयारी भरपूर हवी. पाहुण्यांची पन्नास गाणी वरवर ऐकण्यापेक्षा चारच निवडा आणि प्रत्येक गाणं दहा-बारा वेळा ऐका. ऐकताना हातात कागद हवा. मुखड्याची ओळ तालाच्या कुठल्या मात्रेवरून उठते, अंतऱ्यात सूर कुठे चढतो, कुठला शब्द दुसऱ्यांदा येताना वेगळा गायला आहे, मधल्या संगीतात कोणतं वाद्य बोलतं, एवढं टिपा. मात्रा मोजता येत नसतील तर गावच्या भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याला शेजारी बसवा, अर्ध्या तासात काम होईल.

मग पाहुण्यांना फोन करा. ‘तुमचा प्रवास सांगा’ हे व्यासपीठावर विचारायचं नाही, फोनवरच विचारून घ्यायचं. प्रवासाचं उत्तर प्रत्येकाकडे पाठ असतं आणि ते वीस मिनिटं खातं. व्यासपीठावर चालीबद्दल विचारा: शब्द आधी आले की चाल? कुठली ओळ आधी बसली? ही पट्टी (गाण्याचा ‘सा’ कुठल्या सुरावर, ती) गायकासाठी निवडली की कवितेसाठी? आधी केलेली आणि टाकून दिलेली चाल आठवते का, गाऊन दाखवाल? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक संगीतकार खुलतात, कारण तो त्यांना फारसा कुणी विचारत नाही. ‘सुचलं’ एवढंच उत्तर आलं तर तिथे थांबू नका. ‘पहिल्या दिवशी सुचलं ते आणि रेकॉर्ड झालं ते यांत काय बदललं?’ असं विचारा. सुचण्याबद्दल बोलता येत नाही, बदलण्याबद्दल बोलता येतं.

एक चूक हमखास होते. गाण्याच्या सुरुवातीचा व्हायोलिनचा तुकडा लोकांना आवडलेला असतो आणि मुलाखतकार त्याचं श्रेय संगीतकाराला देऊन मोकळा होतो. चाल बांधणारा संगीतकार आणि वाद्यमेळ लिहिणारा संगीत संयोजक पुष्कळदा वेगळे असतात. तो तुकडा कुणी लिहिला हे फोनवरच विचारून ठेवा. नाहीतर पाहुण्यांना भर मांडवात तुमची चूक दुरुस्त करावी लागेल, किंवा ते संकोचून गप्प बसतील. दुसरं जास्त वाईट.

प्रास्ताविक दोन मिनिटांत संपवा. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे आणि कुमार गंधर्व सुळेभावीचे, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दर संमेलनात ते पुन्हा सांगितलं जातं आणि पाहुण्यांची दहा मिनिटं जातात.

आता मांडवाचं. पाहुणे गाऊन दाखवणार असतील तर त्यांची पट्टी आठवडाभर आधी विचारा. एक तबला साधारण एक-दीड सुरापलीकडे नीट चढत-उतरत नाही. पेटीच्या काळी एक पट्टीचा तबला काळी चारला लावू गेलात तर आवाज चिमटतो आणि वादी (तबला ताणून धरणारी चामड्याची पट्टी) तुटायची भीती. पाहुण्यांबरोबर गायिका असेल तर दोन तबले सांगून ठेवा. दुपारी पत्र्याखाली मांडव तापला की पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) ताणली जाऊन तबल्याचा सूर चढतो, म्हणून सकाळी लावलेला तबला कार्यक्रमाआधी पुन्हा लावायचा. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, नाहीतर सुरांआधी हवेची घरघर ऐकू येते. कर्णे माइकच्या पुढच्या रेषेत असावेत. मागे राहिले तर शिट्टी वाजणारच.

आमच्याही संमेलनात अशीच मुलाखत आहे आणि तिचा मजकूर नंतर स्मरणिकेत छापायचा आहे. ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन कसं करावं? – संयोजन समिती, येळ्ळूर

दोन यंत्रांवर मुद्रण करा. एक मोबाइल पाहुण्यांसमोर, विमान मोडवर. दुसरं यंत्र ध्वनिक्षेपकवाल्याच्या मिक्सरला जोडा. फक्त मिक्सरवर विसंबलात तर टाळ्या आणि श्रोत्यांचे प्रश्न येत नाहीत, फक्त मोबाइलवर विसंबलात तर मांडवाचा घुमारा येतो. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणालाही उणे सहा डेसिबलच्या खाली राहील अशी ठेवा. बोलता बोलता पाहुणे एकदम तार सप्तकात गातात आणि तिथेच मुद्रण फाटतं.

एक तासाच्या बोलण्याचे साधारण साडेसात-आठ हजार शब्द होतात. स्मरणिकेत त्याचे दोन हजार करायचे, म्हणजे खरं काम निवडीचं आहे. पाहुण्यांनी सरगम गाऊन दाखवली असेल तर ती भातखंडे पद्धतीने लिहा: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. ही चिन्हं टाइप केलेल्या मजकुरात ठेवू नका. छापखान्यात फाँट बदलला की रेघा आणि टिंबं गळतात आणि कोमल गंधार शुद्ध होऊन बसतो. स्वरलिपी हाताने स्वच्छ लिहा, चित्र म्हणून लावा, आणि छापण्याआधी तेवढं पान पाहुण्यांकडून तपासून घ्या.

भुजंगप्रयातातल्या कवितेला मी केरव्यात चाल लावली. सगळे म्हणतात, कवायतीसारखी वाटते. काय चुकलं? – खानापूर

चाल सदोष नसेलही, ताल अडतो आहे. भुजंगप्रयात म्हणजे ‘लगागा’ चार वेळा. ‘ल’ म्हणजे लघू, आखूड अक्षर, त्याची एक मात्रा; ‘गा’ म्हणजे गुरू, लांब अक्षर, त्याच्या दोन, म्हणजे गट पाच मात्रांचा आणि ओळ वीस मात्रांची. केरव्याच्या आठ मात्रांत पाच बसवताना तुम्ही प्रत्येक गटाच्या शेवटी तीन मात्रा थांबत असणार. ओळीत चार वेळा तोच थांबा आला की पावलं आपटल्यासारखं वाटतं.

झपताल घेऊन पाहा. त्याच्या दहा मात्रांत दोन गट बसतात. पण गटाचा लघू समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ठेवलात तर पुन्हा घोटाळा, कारण या वृत्तात जोर पहिल्या गुरूवर असतो. म्हणून लघू दहाव्या मात्रेवरून उचला. नमुन्यासाठी एक साधी ओळ घेऊ: ‘उभा डोंगराशी दिवा तेवणारा’. दहाव्या मात्रेवर ‘उ’, समेवर ‘भा’ (१-२), ‘डों’ (३-४), ‘ग’ (५), ‘खाली’वर, म्हणजे सहाव्या मात्रेवर, ‘रा’ (६-७), ‘शी’ (८-९), दहावर ‘दि’, आणि दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर ‘वा’. झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन. चारही खंडांची सुरुवात गुरूने होते, काहीही ओढाताण न करता.

सुगम गाण्यासाठी झपताल जड वाटला तर दादरा चालतो. तिथे शेवटच्या गुरूला एक मात्रा वाढवून पाचाचे सहा करायचे. मात्र ते प्रत्येक गटात यंत्रासारखं करू नका, कुठे ती मात्रा श्वासाला द्या, कुठे हरकतीला, म्हणजे सुरांच्या छोट्या वळणाला.

आणखी दोन गोष्टी तपासा. ‘डों’सारखं अनुस्वाराचं अक्षर लांबवताना ‘ओ’ लांबवायचा आणि अनुनासिक अगदी शेवटी आणायचं. आधीच नाकात गेलात तर आवाज कोंडतो. आणि ओळीतला सर्वांत उंच सूर ‘शी’वर ठेवू नका. ‘ई’वर जबडा मिटतो, तार षड्ज (वरचा ‘सा’) चिरका येतो. तोच सूर ‘णारा’च्या ‘आ’वर नेलात तर नवशिक्या गायकालाही जमतो. कवीने शब्द दिलेलेच असतात, उंच सूर कुठल्या स्वरावर टाकायचा हे तुमच्या हातात आहे.

कन्नड आणि मराठी दोन्ही कवितांना चाली लावतो. मराठी गाणी लोकांना पटकन पाठ होतात, कन्नड होत नाहीत. – अथणी

कन्नड कविता जुन्या वळणाची असेल तर यमक कुठे आहे ते पाहा. मराठीत यमक ओळीच्या शेवटी येतं, त्यामुळे आपण ओळीचा शेवट ठळक करतो आणि सुरुवात सहज सोडून देतो. जुन्या कन्नड छंदांत प्रास, म्हणजे तिथलं यमक, ओळीच्या दुसऱ्या अक्षरावर असतो. मराठी सवयीने चाल लावली की नेमकं ते अक्षर घाईत निघून जातं आणि कानाला प्रास सापडत नाही. पहिली दोन अक्षरं स्वच्छ सुरांवर, हरकतीशिवाय ठेवा आणि दर ओळीत ती त्याच मात्रेवर येऊ द्या. वचनांना, म्हणजे शरणांच्या गद्यासारख्या कन्नड रचनांना, हा नियम लावू नका. वचनं मोकळ्या लयीची, तिथे वाक्याचा अर्थ जिथे थांबतो तिथेच सूर थांबावा.

इंदिरा संतांच्या कवितांना चाली लावून कार्यक्रम आणि ध्वनिफीत करायची आहे. त्या आमच्याच गावात राहिल्या. परवानगी लागते का? – शहापूर, बेळगाव

लागते. कवी हयात असेपर्यंत आणि निधनाच्या वर्षानंतर साठ वर्षं हक्क कवीचा, मग वारसांचा. इंदिराबाईंचं निधन २००० साली झालं, म्हणजे २०६० अखेरपर्यंत हक्क शाबूत आहेत. धारवाडचे कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांचं निधन १९८१चं, तिथे २०४१ अखेरपर्यंत. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता २०१६ अखेर मोकळ्या झाल्या. गावातले असल्याने फरक पडत नाही.

परवानगी आधी प्रकाशकाकडे विचारा, हक्क वारसांकडे असतील तर तो तसं सांगेल. पत्रात कवितांची नावं, कार्यक्रम की मुद्रण, कुठे प्रसारित करणार, कडवी गाळणार का, हे सगळं लिहा. गाळलेल्या कडव्यांवरून नंतर वाद होतात, मानधनावरून त्या मानाने कमी. परवानगी चाल लावायच्या आधी घ्या. दहा चाली बांधून झाल्यावर नकार आला तर त्या चाली दुसऱ्या शब्दांवर बसत नाहीत.

अल्बम काढणाऱ्याने एकरकमी पैसे देऊन ‘सर्व हक्क आमचे’ असं लिहून मागितलं आहे. सही करू का? – निपाणी

तशी मोघम सही नको. कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) हस्तांतरण लेखी हवं आणि त्यात कृतीचं नाव, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे हवंच. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. कराराने वेगळं ठरलं नसेल आणि घेणाऱ्याने वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, तर त्या हक्कांचं हस्तांतरण संपुष्टात येतं. म्हणून ‘कायमचे, जगभर’ हे शब्द शोधा आणि तिथे बोट ठेवून बोला.

२०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, तसं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. पण तो वाटा घरबसल्या येत नाही. त्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा: नाव, गीतकार, संगीतकार, कुणाचा किती वाटा. गाणं वितरकामार्फत ऑनलाइन गेलं की त्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (त्या ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा) क्रमांक मिळतो, तोही लिहून ठेवा. नावाचं स्पेलिंग एकीकडे एक आणि दुसरीकडे वेगळं असेल तर पैसे अडकतात. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही कागदपत्रं असणाऱ्या आपल्या भागात हे फार होतं.

कॉपीराइट कार्यालयात संगीतकृती नोंदवायला पाचशे रुपये लागतात, हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, चाल बांधली की हक्क आपोआप तुमचा. वाद झाला तर मात्र तारीख दाखवता यावी लागते. नोंदणी करायची नसेल तर निदान स्वरलिपी आणि साधं मुद्रण स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

घरची जुनी पेटी आहे. मोबाइलवर बनवलेल्या ट्रॅकबरोबर वाजवली की बेसूर लागते. स्वर (आतल्या पितळी पात्या) घासून घ्यावेत का? – चिकोडी

आधी मोजा. मधल्या सप्तकाची पांढरी सहा दाबून ट्यूनर अ‍ॅपवर पाहा. ट्रॅक बहुधा ४४० हर्ट्झला असतो, जुन्या पेट्या तशा असतीलच असं नाही. पेटी ४४६ दाखवत असेल आणि बाकीचे स्वर आपसांत जुळलेले असतील, तर पेटी निर्दोष आहे, ट्रॅकच सुमारे तेवीस सेंट (एका पट्टीतून लगतच्या पट्टीत शंभर सेंट) चढवा. अ‍ॅपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. एखाददुसराच स्वर हललेला असेल तरच कारागीर गाठा. स्वर टोकाकडे घासला की चढतो, बुडाकडे घासला की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. पावसाळ्यात मात्र हे काम काढू नका. लाकूड फुगलेलं असतं, पट्ट्या अडकतात आणि निम्मे दोष दिवाळीपर्यंत आपोआप जातात.