अपेक्षित 12, आले 9

"मॅडम, तीन फॉर्म बदलले तर कुणाला कळणारे?" खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, दोन रात्री झोप नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रोजेक्ट साधा होता. कोथरूडमधल्या 20 घरांत 'ओला-सुका कचरा वेगळा करता का?' असं विचारायचं आणि उत्तरांना बायनॉमियल, म्हणजे द्विपद वितरण (हो-नाहीचा प्रश्न ठरावीक वेळा विचारला तर किती 'हो' येण्याची किती शक्यता, याचं गणित), लावायचं. 'हो' येण्याची संभाव्यता सरांनी 0.6 धरायला सांगितलेली. 20 गुणिले 0.6, म्हणजे 12. तिला 'हो' मिळाले 9. "म्हणजे माझंच काहीतरी चुकलं." हे वाक्य मी सबमिशनच्या दिवसांत रोज ऐकते, विषय तेवढा बदलतो.

मी मानसशास्त्राची, संख्याशास्त्रात रडतखडत पास झालेली. पण एवढं आठवत होतं. पाच बटणं पिशवीत टाकली, तीन लाल म्हणजे 'हो', दोन पांढरी म्हणजे 'नाही'. न बघता एक काढायचं, लिहायचं, परत टाकायचं, असं 20 वेळा. पहिल्या फेरीत लाल 10. मग 14. मग 11. चौथ्या फेरीत 9 आले तेव्हा ती हसली. पुढचा हिशेब तिनंच मांडला: 20 × 0.6 × 0.4 चं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन (आकडा सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतो ते) साधारण 2.2. नेमके 12 येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के, 9 किंवा त्याहून कमी येण्याची जवळपास 13.

"अय्या, बारा तरी कुठे हमखास येतात!"

मला खटकत होतं ते निराळंच. "घरं निवडलीस कशी गं?" तर आठ घरं आत्याच्याच विंगमधली, आणि प्रश्न जिन्यात, चार काकूंसमोर विचारलेला. एकीनं 'हो' म्हटल्यावर दुसरी 'नाही' कशी म्हणणार? द्विपद वितरणात प्रत्येक उत्तर दुसऱ्यापासून स्वतंत्र असावं लागतं. त्यात कचरा वेगळा करणं 2016 च्या नियमांपासून बंधनकारक. वही घेऊन आलेल्या मुलीला 'नाही' सांगायला धीर लागतो. खरे 'हो' नऊपेक्षाही कमी असतील.

तिचा चेहरा पुन्हा पडला. जरा वेळानं म्हणाली, "हे रिपोर्टमध्ये लिहू?"

"लिही की."

तीन फॉर्मवर 'नाही'शेजारी पेन्सिलनं बारीक 'हो' लिहून ठेवलेले होते. खोडरबर तिनं माझ्याकडूनच मागून घेतलं.