बाळाला ट्रान्सप्लांटसाठी वेल्लोरला न्यायचंय, जाण्या-राहण्याचा खर्च कोणाकडे मागायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की चौदा महिन्यांच्या बाळाला हर्लर, म्हणजे एमपीएस टाइप १ या जन्मजात दुर्मिळ आजाराचा गंभीर प्रकार निघालाय. डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलाय आणि उपचारांसाठी अर्ज चालू आहेत. पण तमिळनाडूत वेल्लोरच्या रुग्णालयात जायचं कसं, तिथे राहायचं कशावर, हे कोणी सांगत नाही. माझ्या मुलीला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया, म्हणजे बोन मॅरो निकामी होत जाणारा जन्मजात आजार आहे. सहा वर्षांपूर्वी तिला वेल्लोरला नेलं, त्याआधी लालबागच्या खोलीत बसून मी हाच हिशेब रोज रात्री मांडायचे.

तिकीट काढण्याआधी एकदा परळला केईएम रुग्णालयात जाऊन या. २०२१च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात केईएम हे सेंटर ऑफ एक्सलन्स, म्हणजे अशा आजारांसाठी सरकारने नेमलेलं केंद्र आहे. गंभीर स्वरूपाचा एमपीएस टाइप १ त्या धोरणाच्या पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांत येतो, पण वयाच्या पहिल्या दोन वर्षांतच. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे आणि पैसे त्या केंद्राकडे जातात, आपल्या हातात येत नाहीत. म्हणून नोंद तिथे करा आणि बाहेरगावी जायची खरंच गरज आहे का, हे तिथेच स्पष्ट विचारा. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं लहान मुलांचं ट्रान्सप्लांट केंद्र आहे, तिथेही विचारून घ्या. ट्रान्सप्लांटआधीच्या तपासण्यांनाच बराच वेळ जातो आणि बाळ दोन वर्षांचं व्हायला दहाच महिने उरलेत. तेव्हा हे या आठवड्यातच करा.

आता प्रवासाचं. मुख्यमंत्री सहायता निधी असो की पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. तिकीट, खोलीभाडं, डाळ-तांदूळ यांचा रकाना त्या अर्जात नसतो. मी एका ट्रस्टच्या कार्यालयात सकाळी दहापासून बसले होते. चार वाजता माझा नंबर आला. फॉर्म बघून बाई म्हणाल्या, "प्रवासाचं आमच्याकडे नाही हो." मी जिना उतरताना रडले. त्या बाईंचं चुकलं नव्हतं, मीच भलत्या दारात मागत होते. रेल्वेची सवलत आजाराच्या नावावर मिळते. कॅन्सर, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशी नावं त्या यादीत आहेत, हर्लर नाही. बाळाचं दिव्यांग प्रमाणपत्र निघत असेल तर त्यावर काही होतं का, ते आरक्षणाच्या खिडकीवर विचारा, पण त्यावर विसंबून राहू नका.

मग आमचं कसं झालं? शेजारच्या मावशींनी एक दिवस विचारलं, "नक्की किती लागतात गं?" मला सांगताच येईना. मी आपली "जमेल तेवढं द्या" म्हणत सगळीकडे फिरत होते. त्या रात्री मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. तिकिटं चार, कारण डोनर तिचा भाऊच होता आणि डोनरचं तिकीट कोणी धरत नाही. काटपाडी स्टेशनवरून रिक्षा. खोलीचे रोजचे ४०० रुपये. ट्रान्सप्लांटनंतर साधारण १०० दिवस रुग्णालयाच्या जवळच राहावं लागतं, म्हणजे एकट्या खोलीचेच ४०,०००. भाड्याचा गॅस, भांडी. नवऱ्याचा बुडणारा पगार. प्रवास त्या पानावरची सगळ्यात लहान रक्कम निघाली!

मावशींनी पान वाचलं आणि म्हणाल्या, "जायची तिकिटं माझी." दुसऱ्या दिवसापासून मी तेच पान घेऊन फिरले. नवऱ्याच्या डेपोतल्या लोकांनी एका महिन्याचं खोलीभाडं उचललं. आमच्या गणेश मंडळाने दुसऱ्या महिन्याचं दिलं, बचत गटातल्या बायकांनी गॅस-भांड्यांचं. मोठ्या रकमेपुढे माणूस गप्प होतो, ताई. पण "खोलीचे पंधरा दिवस तुम्ही घ्याल का?" म्हटलं की नाही म्हणणं त्यालाही जड जातं. ज्याने जे उचललं त्याचं नाव त्या ओळीपुढे लिहा आणि पावतीचा फोटो त्याला पाठवा. पुढच्या वेळी तोच माणूस आपणहून फोन करतो.

ऑनलाइन पैसे उभे करणार असाल तर उपचाराचा खर्च आणि राहण्याचा खर्च वेगळे दाखवा, डॉक्टरांचं पत्र जोडा, आणि ती साइट किती पैसे कापते ते आधी वाचा. २०२१ मध्ये मुंबईतल्याच एका बाळाच्या एसएमए, म्हणजे स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजाराच्या इंजेक्शनसाठी लोकांनी १६ कोटींच्या आसपास जमवले होते. ते वाचून खूप आशा वाटते, पण प्रत्येक बाळासाठी तसं होत नाही. "निधी मंजूर करून देतो, एवढे टक्के द्या" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला बाळाची कागदपत्रं देऊ नका. सहायता निधीच्या अर्जाला पैसे लागत नाहीत.

मुंबईतच उपचार ठरले आणि तुम्ही लांबून येत असाल, तर परळला नाना पालकर स्मृती समिती रुग्ण आणि नातेवाइकांच्या राहण्याची सोय करते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी मागा.

वेल्लोरलाच जायचं झालं तर परतीचे पैसे बरोबर नेऊ नका. आम्ही वेगळ्या पाकिटात ठेवले होते, तिसऱ्या महिन्यात तेच मोडावे लागले. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाला गर्दीच्या डब्यातून आणता येत नाही, एसीचंच तिकीट लागतं आणि ते ऐनवेळी महाग पडतं. ते पैसे इथेच, एखाद्या भरवशाच्या बाईकडे ठेवून जा. आमच्या मावशींकडे असते तर वाचले असते.